वरिष्ठ कायदे कौन्सिलांतील गोखल्यांचें मतदान : वऱ्हाडच्या बाजूनें एक तपासणी

लोकप्रतिनिधीनें प्रजेचें स्वातंत्र्य कितपत राखलें व सरकारी सत्तेस कितपत आळा घातला हें पाहावयाचें तर त्याचीं भाषणें बाजूस ठेवून मतें मोजावीं, अशी एक सोपी कसोटी सुचविण्यांत येते. ज्या सभेंत मतांनीं निकाल फिरूं शकतो तेथें ती चालेल. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून १९१५ सालीं मृत्यु येईपर्यंत ज्या वरिष्ठ कौन्सिलांत बसले, तेथें सरकारी सभासदांचें बहुमत कायमचें होतें व १९०९ च्या सुधारणेनेंही तें हललें नाहीं. तेव्हां त्यांचें मत निकालाचें साधन नव्हतें. ती एक साक्ष होती, व साक्षीचें वजन वेगळ्या तराजूंत करावें लागतें.

वऱ्हाडच्या वाचकास हा प्रश्न परका वाटूं नये. १८५३ च्या तहानें इंग्रजांकडे आलेला व १९०२ च्या करारानें कायमच्या पट्ट्यानें दिलेला हा मुलूख नांवानें निजामाचाच राहिला. १९०३ मध्यें तो मध्यप्रांतास जोडला, १९०५ च्या फेररचनेंत खामगांव व जळगांव हे तालुके बुलढाणा जिल्ह्यांत आले, तरी कायद्याच्या भाषेंत बुलढाणा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. कलकत्त्यास वा सिमल्यास मंजूर झालेला कायदा येथें आपोआप येत नसे. गव्हर्नर-जनरलच्या जाहीरनाम्यानें तो लावावा लागे. (ज्यांच्या दप्तरांत तत्कालीन सरकारी कागद आहेत त्यांनीं कायद्याची तारीख व तो वऱ्हाडास लागू झाल्याची तारीख निरनिराळ्या धराव्या, या घोटाळ्यानें पुष्कळ टिपणें बिघडलीं आहेत.) मध्यप्रांतास स्वतःचें कायदे कौन्सिल १९१४ पर्यंत मिळालें नाहीं. म्हणून मेहकर-चिखलीच्या रयतेवर जे निर्बंध येत, त्यांवर आक्षेप घेणारा आवाज बहुधा परप्रांताचाच असे.

खर्चाच्या बाबतींत मतें मोजण्याचा प्रश्नच नाहीं, कारण १८९२ च्या कायद्याप्रमाणें अंदाजपत्रकावर बोलतां येई, मत देतां येत नसे. २६ मार्च १९०२ च्या पहिल्याच भाषणांत गोखल्यांनीं दाखविलें कीं, सरकारच्या शिलका हें भरभराटीचें लक्षण नसून जादा करांचें फळ आहे. मिठावरील कर मणीं अडीच रुपये होता. तो १९०३ त दोन, १९०५ त दीड व १९०७ त एक रुपया झाला. हें सारें त्यांच्याच भाषणांमुळें झालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, पण या मागणीचा पाठपुरावा त्यांच्याइतका नेटानें थोड्यांनींच केला. तथापि त्यांस केवळ ‘थोडें सरकार’ मागणाऱ्यांत बसवितां येत नाहीं. सैन्याचा खर्च कमी करा म्हणणाऱ्या याच गृहस्थांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें व स्थानिक संस्थांस त्यासाठीं कर बसविण्याची मुभा मागितली. १९ मार्च १९१२ रोजीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें.

आतां स्वातंत्र्याच्या दोन मतांकडे वळूं. राजद्रोही सभांचा कायदा १ नोव्हेंबर १९०७ रोजीं सिमल्यास मंजूर झाला. जाहीर केलेल्या प्रदेशांत सभेपूर्वीं तीन दिवस लेखी सूचना द्यावी व वीसांहून अधिक माणसें जमल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, ती सार्वजनिक सभा समजावी, अशीं त्याचीं कलमें. डॉ. रासबिहारी घोष यांच्यासह गोखल्यांनीं त्यास कडवा विरोध केला. कायद्याची मुदत तीनच वर्षें असूनही तो त्यांस असह्य वाटला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१९१० सालीं मात्र निराळें घडलें. नाशकास जॅक्सनचा खून २१ डिसेंबर १९०९ रोजीं झाला. पुढील महिन्यांत कलकत्त्याच्या हायकोर्टांत पोलीस अधिकारी शमसुल आलम मारला गेला. ४ फेब्रुवारीस मांडलेला छापखान्यांचा कायदा ८ फेब्रुवारीस मंजूरही झाला. नवीन छापखान्याकडून पांचशें ते दोन हजार रुपये जामीन, आणि उघडच नव्हे तर सूचनेनें वा रूपकानें केलेलें लेखनही गुन्ह्यांत. पंडित मालवीय व भूपेंद्रनाथ बसु यांनीं विरोध केला. विरोधकांत गोखल्यांचें नांव नाहीं. परिस्थिति बिकट आहे, विरोधाची जबाबदारी आपण घेऊं शकत नाहीं, अशी त्यांची भूमिका. कायदा तीन वर्षांपुरता असावा ही त्यांची दुरुस्ती नापास झाली.

त्यांचे चाहते या दुरुस्तीकडे बोट दाखवितात, व तिचें श्रेय त्यांस द्यावेंच. परंतु दुरुस्ती पडल्यावर उरलें काय? बेमुदत कायदा. १९०७ चा कायदा तीन वर्षांचा असतां नको, तर त्याहून व्यापक व बेमुदत कायदा कोणत्या न्यायानें पत्करावा? विरोधी मतानें बिल थांबलें नसतें हें खरें. पण म्हणूनच तें मत देण्यास कांहीं अडचण नव्हती, असें आम्हांस वाटतें. ज्याची साक्ष सरकारासही मानावी लागे त्यानें गप्प राहणें हें दोन-चार सामान्य सभासदांच्या होकाराहून प्रजेस महाग पडतें.

हायकोर्टाकडे दाद मागतां येते, यावर कायद्याच्या समर्थकांचा मोठा भर होता. १९१३ त महंमद अली यांच्या प्रकरणीं कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनींच ही दाद किती पोकळ आहे तें दाखविलें. वऱ्हाडांत तर हायकोर्टच नव्हतें. नागपूरच्या ज्युडिशिअल कमिशनरचें कोर्ट हेंच सर्वांत वरचें, व तें १९३६ पर्यंत तसेंच चाललें. मद्रासेस १९१६ त ॲनी बेझंट यांच्या ‘न्यू इंडिया’चा दोन हजारांचा जामीन याच कायद्यानें जप्त झाला. गोखले तेव्हां हयात नव्हते. कायदा रद्द झाला तो १९२२ सालीं; त्यांची दुरुस्ती मान्य झाली असती तर १९१३ तच तो पुन्हां कौन्सिलापुढें आणावा लागला असता.