तळणी स्थानकावरील दोन मिनिटे

नागपुराहून मुंबईकडे निघालेल्या आगगाडीत बसलेल्या प्रवाशास वर्धा मागे पडल्यावर पुलगाव लागते. पुलगावानंतर वर्धा नदीचा पूल येतो, आणि तो ओलांडून गाडी अमरावती जिल्ह्यात शिरली की तळणी नावाचे एक लहानसे स्थानक येते. कोणी तेथे मुद्दाम उतरावे असे त्या स्थानकात वरवर पाहता काहीच नाही. आकाशाशी नाते सांगणारे स्थळ पाहावयाचे म्हटले म्हणजे विदर्भातील माणूस लोणारास जातो, आणि ते योग्यच होय. अशनीच्या आघाताने झालेले ते विवर आजही डोळ्यांपुढे उभे आहे. तळणीस मात्र आकाशाने कोणतीही खूण मागे ठेविली नाही. तरीही सूर्याच्या अभ्यासाच्या इतिहासात या स्थानकाचे नाव कोरले गेले आहे, आणि ते दोन मिनिटांच्या अंधारामुळे.

तो दिवस होता २२ जानेवारी १८९८, म्हणजे शके १८१९ च्या पौष अमावास्येचा शनिवार. त्या दिवशी दुपारी चंद्राची गडद छाया अरबी समुद्रावरून कोकण किनाऱ्याला लागली, आणि विजयदुर्ग, जेऊर, वऱ्हाड, मध्यप्रांत, शहडोल, बक्सर अशी तिरपी वाट कापीत ईशान्येस हिमालयाकडे निघून गेली. महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे असे खग्रास सूर्यग्रहण विरळाच होते. खग्रास स्थिती कोठेही दोन मिनिटांहून फारशी अधिक नव्हती. एवढ्या अल्प काळासाठी इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिका येथील ज्योतिर्विद हजारो मैलांचा प्रवास करून या भूमीवर आले होते.

असे करण्याचे कारण काय, हा प्रश्न आज सहज मनात येईल. सूर्यबिंबाभोवती अतिविरल वायूचे एक तेजोवलय असते. त्यास प्रभामंडल म्हणतात. त्याचे तेज सूर्यबिंबाच्या तेजाच्या सुमारे दहा लाखांश एवढेच असल्यामुळे एरवी आकाशाच्या उजेडात ते लोपून जाते. चंद्र सूर्यबिंब पूर्णपणे झाकतो तेव्हाच ते उघडे पडते. कृत्रिम ग्रहण घडवून प्रभामंडल दाखविणारे उपकरण फ्रान्समधील बर्नार लियो यांनी सिद्ध केले ते १९३० च्या सुमारास. १८९८ साली निसर्गाने दिलेल्या दोन मिनिटांवाचून गत्यंतर नव्हते. आयुष्यात अशी मिनिटे ज्याच्या वाट्यास दहाबारा आली तो ज्योतिर्विद भाग्यवान समजला जाई.

त्यातही एक ढग पुरेसा असे. ९ ऑगस्ट १८९६ च्या खग्रास ग्रहणासाठी पुष्कळ ज्योतिर्विद नॉर्वेच्या उत्तर टोकाला, वाडसे येथे जमले होते. सर्व सिद्धता झाली आणि ऐन वेळी आकाश भरून आले. त्या निराश मंडळींपैकी कित्येकांनी पुढची आशा भारतातील जानेवारीच्या निरभ्र आकाशावर ठेविली. नागपुरास पोहोचलेला लोहमार्ग १८६७ पासून चालू होता, आणि छायेचा पट्टा त्यालाच ओलांडून जाणार होता. म्हणून अवजड दुर्बिणी व नाजूक काचा स्थानकाच्या दाराशी उतरविता येतील अशी गावे निवडली गेली. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी तळणीस उतरली. न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स यांनी पलीकडे पुलगाव निवडले. स्कॉटलंडचे राजज्योतिर्विद राल्फ कोपलंड मध्यप्रांतात घोगली येथे राहिले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. तेथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या उपकरणांसह गेले होते. पाहुण्यांच्या गर्दीत हा एक यजमानही होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

काळ मात्र सुखाचा नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्यप्रांत होरपळून निघाला होता. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले होते, आणि पुण्यात रँडवर गोळी झाडली गेल्यास अवघे सात महिने झाले होते. सामान्य जनांस ग्रहण म्हणजे वेध, स्नान, जप आणि दान. पण ज्ञानाची बाजूही या भूमीत मुकी नव्हती. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली पुण्यास प्रसिद्ध झालेला होता, आणि आपल्या पूर्वजांनी ग्रहणगणित किती सूक्ष्म केले होते हे मराठी वाचकास मराठीतूनच वाचता येत होते.

त्या दुपारी आकाश निर्मळ राहिले. तळणीच्या तुकडीचे प्रमुख वॉल्टर माँडर हे होते, परंतु त्या तुकडीचे नाव पुढे गाजले ते त्यांच्या पत्नी ॲनी माँडर यांच्यामुळे. ॲनी केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात गणित शिकल्या आणि १८९१ पासून ग्रिनिच वेधशाळेत गणकाचे काम करू लागल्या. १८९५ साली विवाह होताच, विवाहित स्त्रीस सरकारी जागा नाही या नियमामुळे, त्यांना ती नोकरी सोडावी लागली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ साली त्यांना सभासदत्व नाकारले होते. अशी ही स्त्री स्वतः योजिलेला, लहानशा भिंगाचा कॅमेरा घेऊन वऱ्हाडात आली. मोठ्या दुर्बिणी बिंबालगतचा भाग सविस्तर टिपीत, पण दूर पसरलेला मंद प्रकाश त्यांच्या आटोक्यात येत नसे. ॲनी यांच्या कॅमेऱ्याचा आवाका विस्तृत होता. त्यांच्या काचेवर प्रभामंडलातून निघून दूर अंतराळात गेलेला एक किरण उमटला. तोपर्यंत छायाचित्रात सापडलेल्या अशा किरणांत तो सर्वांत लांब होता. ज्या सोसायटीने त्यांना दाराबाहेर ठेविले होते तिने १९१६ साली त्यांना आत घेतले.

त्याच तुकडीत जॉन एव्हरशेड नावाचा एक हौशी निरीक्षक होता. त्याचे लक्ष वर्णपटाकडे होते. हायड्रोजनच्या रेषा जांभळ्या बाजूस जाताना एकमेकींजवळ येत जातात आणि एका मर्यादेपाशी दाटून संपतात. त्या मर्यादेपलीकडे रेषा नसल्या तरी सलग असा प्रकाश पसरलेला आहे, हे एव्हरशेडच्या तळणीच्या काचांवर दिसून आले. याचा उलगडा व्हावयास १९१३ मधील बोरचा अणुसिद्धान्त यावा लागला. मोकळा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्राकडून पकडला जातो तेव्हा असा सलग प्रकाश बाहेर पडतो. म्हणजे अणूच्या अंतरंगातील एक घटना वऱ्हाडातील एका काचेवर तिचा अर्थ कळण्याच्या पंधरा वर्षे आधीच नोंदली गेली होती. एव्हरशेड पुढे १९०७ साली कोडाईकनालच्या वेधशाळेत रुजू झाला आणि १९०९ साली तेथे त्याने सौरडागांतील वायूच्या प्रवाहाचा शोध लाविला. तो आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीणही कोडाईकनाललाच गेली. त्या वेधशाळेचा वारसा चालविणाऱ्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने सिद्ध केलेले प्रभामंडलदर्शक उपकरण २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य एल-१’ यानातून अंतराळात गेले. तळणीस दोन मिनिटे जे दिसले ते पाहण्यासाठी आता चंद्राची वाट पाहावी लागत नाही.

या ग्रहणाचे कोकणातील टोक विजयदुर्ग. तेथे सर नॉर्मन लॉकियर आपल्या सहकाऱ्यांसह आले होते, आणि ‘मेल्पोमीन’ या आरमारी जहाजावरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ आजही दाखविले जातात, आणि हेलियमचा शोध याच जागी लागला असे अभिमानाने सांगितले जाते. अभिमान समजण्यासारखा आहे, पण इतिहास तसा नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूर येथे होता. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता, आणि ऑक्टोबरात तेथूनच, ग्रहणावाचून, त्याने सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही असे ठरल्यावर हेलियम हे नाव पुढे आले. पृथ्वीवर तो वायू रॅम्झे यांना सापडला १८९५ मध्ये. म्हणजे विजयदुर्गास आलेला लॉकियर हेलियम शोधावयास आला नव्हता. सत्तावीस वर्षे ज्यावरून लोकांनी त्याची थट्टा केली ते अनुमान तीनच वर्षांपूर्वी खरे ठरल्याचे समाधान घेऊन तो आला होता. विजयदुर्गाचा खरा मान १८९८ चा आहे, आणि तो उसन्या गोष्टीवाचूनही पुरेसा मोठा आहे.

एका जागी खूण आहे पण तिच्यावरची कथा चुकीची आहे. दुसऱ्या जागी कथा खरी आहे पण खूण नाही. आकाश पाहण्यासाठी प्रवास करणाऱ्याने या दोहोंकडेही जावे. नागपुरातील रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात ग्रहणाची रीत समजून घ्यावी, आणि मग गाडीने नदी ओलांडून तळणीपर्यंत जावे. ग्रहणांची कुळे असतात. सुमारे १८ वर्षे ११ दिवसांनी एकाच कुळातले ग्रहण पुन्हा येते, फक्त पृथ्वीवरील त्याची जागा पालटते. तळणीच्या ग्रहणानंतरचे त्याच कुळातले सातवे ग्रहण ८ एप्रिल २०२४ रोजी मेक्सिको आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांवरून गेले, आणि लक्षावधी लोकांनी ते माना वर करून पाहिले. तीच छाया सव्वाशे वर्षांपूर्वी वर्धा नदी ओलांडून गेली होती. तळणीच्या स्थानकावर एक साधी पाटी लागली, तर गाडी थांबेल तेवढ्या वेळात ती वाचून होईल.