‘घरचा भाव’ सर्वांना : अमेरिकी ट्रक आणि कर्मचारी-सवलतीचा इतिहास

#धागा

१/ जून २००५. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने जाहीर केले की, आमच्या कर्मचाऱ्यांना ज्या भावात गाडी मिळते, त्याच भावात ती आता कोणालाही मिळेल. त्या महिन्यात कंपनीची विक्री आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक वाढली. त्याच महिन्याच्या ७ तारखेला कंपनीचे प्रमुख रिक वॅगनर यांनी भागधारकांना सांगितले की, २००८ अखेरपर्यंत अमेरिकेतील २५,००० नोकऱ्या कमी केल्या जातील.

२/ कामगाराचा भाव सर्वांसाठी खुला होत होता आणि कामगाराचीच जागा जात होती. या दोन घटना एकाच महिन्यात कशा घडल्या, हे समजून घ्यायचे तर जवळपास शंभर वर्षे मागे जावे लागते.

३/ आधी एका शब्दाचा खुलासा. आपल्याकडे ट्रक म्हटले की मालवाहू अवजड गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत सामान्य माणूस ‘ट्रक घेतला’ म्हणतो तेव्हा ती बहुधा पिकअप असते : पुढे बसायची जागा, मागे उघडा हौदा. १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी २८१ डॉलरला विकायला काढली. १९४८ च्या एफ-मालिकेनंतर शेतकऱ्याची ही गाडी हळूहळू कुटुंबाची गाडी बनली.

४/ या गाडीला एक राजकीय कवचही लाभले. युरोपीय देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली, तेव्हा प्रत्युत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवण्याची घोषणा काढली. कोंबड्यांचा वाद मागे पडला, जकात मात्र टिकली. परकी स्पर्धा रोखली गेल्याने ट्रकमध्ये नफा भरघोस राहिला. आणि जिथे नफा मोठा, तिथेच सवलतीला वाव असतो.

५/ आता कामगाराकडे वळू. ५ जानेवारी १९१४ रोजी हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली. ‘कामगारांना स्वतःची गाडी घेता यावी म्हणून हे केले’ अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. खरी अडचण निराळी होती. यंत्रवत कामाला कंटाळून माणसे इतकी सोडून जात की १९१३ मध्ये एकूण कामगारसंख्येच्या साडेतीनपटींहून अधिक भरती करावी लागली.

६/ शिवाय त्या पाच डॉलरांतला निम्म्याच्या आसपासचा भाग ‘नफ्यातील वाटा’ म्हणून होता आणि त्याला अटी होत्या. कंपनीचे निरीक्षक घरी येऊन स्वच्छता, बचत, दारूचे व्यसन यांची चौकशी करत. कंपनीचा ‘आपला माणूस’ ठरण्याची किंमत मोजावी लागे, ही गोष्ट लक्षात ठेवा.

७/ त्याच वर्षी फोर्डने ग्राहकांनाही एक वचन दिले : ऑगस्ट १९१४ पासूनच्या बारा महिन्यांत तीन लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या तर प्रत्येक खरेदीदाराला काही रक्कम परत मिळेल. उद्दिष्ट पार झाले आणि प्रत्येकाला ५० डॉलर परत मिळाले. ग्राहकाला कंपनीच्या कुटुंबात ओढण्याचा हा आरंभीचा प्रयोग होता.

८/ दुसऱ्या महायुद्धानंतर हे नाते करारात बांधले गेले. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि मोटार कामगार संघटना यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. तो ‘डेट्रॉइटचा तह’ म्हणून ओळखला जातो. निवृत्तिवेतन, वैद्यकीय विमा, महागाईनुसार वाढणारे वेतन अशा गोष्टी कामगाराच्या पदरात पडल्या. कंपनीची गाडी सवलतीत मिळणे हे याच जगातले एक सुख होते. कारखान्याबाहेर उभी असलेली नवी गाडी मालकाची पत सांगत असे.

९/ बाहेरच्या ग्राहकाचा अनुभव मात्र उलट होता. अमेरिकेत नव्या गाड्या प्रामुख्याने स्वतंत्र विक्रेते विकतात आणि तिथे घासाघीस चालते. खरी किंमत कोणती, हेच कळत नसे. म्हणून सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद लावणे बंधनकारक ठरले.

१०/ आपल्याकडच्या पाकिटावरील छापील किमतीशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण एक मूलभूत फरक आहे. आपली छापील किंमत ही कायद्याने घातलेली कमाल मर्यादा असते. तो कागद केवळ उत्पादकाने ‘सुचवलेली’ किंमत सांगतो. विक्रेता त्याहून कमी घेऊ शकतो, मागणी असेल तर जास्तही. त्यामुळे घासाघीस संपली नाही. तिला फक्त आरंभबिंदू मिळाला.

११/ अशा बाजारात कर्मचारी-सवलतीचे मोल केवळ पैशात मोजता येत नाही. ही सवलत म्हणजे आधीच ठरलेला, लेखी भाव. फोर्डचेच उदाहरण घेऊ. कर्मचारी, निवृत्त कर्मचारी आणि त्यांच्या पात्र नातेवाइकांसाठी ‘ए-प्लॅन’. कंपनीशी करार असलेल्या इतर आस्थापनांच्या नोकरदारांसाठी ‘एक्स-प्लॅन’, ज्याचा भाव त्याहून थोडा चढा. पात्र व्यक्तीला एक सांकेतिक क्रमांक मिळतो; तो दाखवला की गाडीचा भाव निश्चित होतो.

१२/ गाडीचा भाव निश्चित, बाकीचे नाही. जुन्या गाडीची किंमत, कर्जाचा व्याजदर, वाढीव हमी या ठिकाणी घासाघीस शिल्लकच राहते. एका खिडकीतून वाचलेले पैसे दुसऱ्या खिडकीत जाऊ शकतात. तरीही ‘मी आतला माणूस आहे, मला फसवले जाणार नाही’ हा दिलासा त्या क्रमांकात होता.

१३/ २००५ मध्ये जनरल मोटर्सने नेमका हा दिलासाच विकायला काढला. गोदामे न विकलेल्या गाड्यांनी भरली होती. जून यशस्वी ठरताच जुलैमध्ये फोर्ड आणि क्रायस्लर यांनीही तेच केले. फोर्डने आपल्या योजनेला ‘फोर्ड फॅमिली प्लॅन’ म्हटले. क्रायस्लरने आपले माजी प्रमुख ली आयकोका यांना पुन्हा जाहिरातीत उभे केले. आता सारा देशच ‘घरचा’ झाला होता.

१४/ पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. मेगन बसी, डंकन सिमेस्टर आणि फ्लोरियन झेटलमायर या अभ्यासकांनी प्रत्यक्ष व्यवहारांची आकडेवारी तपासली. निष्कर्ष असा की अनेक गाड्यांसाठी ग्राहकांनी योजनेच्या काळात आधीपेक्षा अधिक पैसे मोजले! कारण योजनेपूर्वीही भरपूर सूट मिळत होती. ती फक्त घासाघिशीत दडलेली होती. लोकांना भुरळ घातली ती ‘कर्मचाऱ्यांचा भाव’ या शब्दांनी. कंपनी आपल्या माणसांना फसवणार नाही, म्हणून हाच सर्वांत खालचा भाव, असा त्यांचा तर्क होता.

१५/ म्हणजे कामगाराने पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेली पत कंपनीने जाहिरातीसाठी वापरली, पण त्या कामगाराचे भवितव्य त्याने सुरक्षित झाले नाही. ऑगस्टअखेर कॅटरिना वादळानंतर पेट्रोल भडकले आणि मोठ्या ट्रकची मागणी ओसरली. सवलत संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सची विक्री आदल्या वर्षीपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक घसरली. जे ग्राहक पुढे येणार होते, ते उन्हाळ्यातच येऊन गेले होते.

१६/ नोव्हेंबरमध्ये नोकरकपातीचा आकडा ३०,००० वर गेला. १ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ही सवलत त्या पतनाचे कारण होती असे म्हणणे चूक ठरेल. निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय विम्याचे ओझे, घटता बाजारहिस्सा, पुढे २००८ चे आर्थिक संकट ही कारणे कितीतरी मोठी होती. मात्र आजार किती बळावला होता, हे त्या उन्हाळ्यात दिसले होते.

१७/ युक्ती अजून जिवंत आहे. एप्रिल २०२५ मध्ये, आयात गाड्यांवर नवी जकात लागू होत असताना, फोर्डने ए-प्लॅनचा भाव पुन्हा सर्वसामान्यांना देऊ केला. जकात, ट्रक आणि ‘घरचा भाव’ ही त्रयी पुन्हा एकत्र आली.

१८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने किमतीचा कागदही दस्तऐवज म्हणून वाचावा. त्यावरील आकडा वस्तूचे मोल सांगतो. तो भाव कोणाला मिळतो आणि कोणाच्या नावाने दिला जातो, यावरून समाजातील नाती कळतात. तुमच्या घरात कोणी कारखान्यात वा गिरणीत काम केले असेल तर अवश्य विचारा : कंपनीचा माल त्यांना कोणत्या भावात मिळे, आणि तो मिळाला की त्यांना काय वाटे? उत्तरे खाली लिहा. वाचतो आहे. 🙏