कॉम्प्युटर गरम होऊन सारखा हँग होतोय? नवा घेण्याआधी हे तपासा

घरातला कॉम्प्युटर वीस-पंचवीस मिनिटं नीट चालतो. मग पंख्याचा आवाज वाढतो, माऊस जागच्या जागी थांबतो आणि शेवटी बटण दाबून मशीन बंद करावं लागतं. ‘आता जुना झाला, नवा घ्या’ हा सल्ला लगेच मिळतो. अनेकदा दोष फक्त साचलेल्या धुळीचा असतो. कधी मात्र उष्णतेचा काही संबंधच नसतो. म्हणूनच आधी तापमान मोजावं आणि मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा.

सगळ्यात आधी बॅकअप

चालू मशीन जबरदस्तीने बंद केलं, तर त्या क्षणी सेव्ह होत असलेल्या फाइल्स खराब होऊ शकतात. हँग होण्याचं कारण हार्ड डिस्क असेल, तर ती कायमचीही बंद पडू शकते. त्यामुळे फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवावेत. कॉम्प्युटरचा बिघडलेला भाग पुन्हा विकत मिळतो, लग्नाचे फोटो मिळत नाहीत.

तापल्यावर नेमकं काय होतं?

प्रोसेसरला लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. ही उष्णता वर बसवलेला धातूचा हीटसिंक ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, तर एएमडीच्या अनेक रायझन प्रोसेसरची ९५ अंश. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान वाढत राहिलं, तर मशीन आपोआप बंद होतं. म्हणजे आधी मंद होणं आणि मग अचानक बंद पडणं, ही उष्णतेची ठळक खूण आहे.

तापमान कसं पाहायचं?

विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. त्यासाठी ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यूमॉनिटर’सारखा मोफत प्रोग्राम लागतो. काही काम सुरू नसताना साधारण ३५ ते ५० अंश आणि गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करताना ७० ते ८५ अंश तापमान असेल, तर काळजीचं कारण नाही. साध्या कामातही आकडा ९० च्या पुढे जात असेल, तर उष्णतेचाच प्रश्न आहे. (रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर मात्र जड कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत.)

तापमान ५०-६० अंश असतानाच मशीन हँग होत असेल, तर संशय रॅम, डिस्क किंवा पॉवर सप्लायवर घ्यावा. रॅम तपासायला विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ असतं. डिस्कची प्रकृती ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ दाखवतो.

सफाई कशी करायची?

* मशीन बंद करून प्लग काढावा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.
* गॅलरीत नेऊन मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढावी. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.
* हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा थर बसतो, तो नीट काढावा.
* इंटेलसोबत येणारे अनेक कूलर प्लास्टिकच्या चार पिनांवर बसतात. त्यातली एक जरी सुटली असेल, तरी प्रोसेसर तापतो.
* पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहू शकते.

सफाईनंतरही फरक पडला नाही, तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावतात. एएमडीच्या एएम४ मदरबोर्डवर कूलर सरळ ओढला, तर त्याला चिकटून प्रोसेसरही उपटला जातो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन आधी थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, मग मशीन बंद करून प्लग काढावा आणि कूलर हलकेच फिरवून सोडवावा. हात बसलेला नसेल, तर हे काम दुरुस्तीवाल्याकडे द्यावं.

जागाही महत्त्वाची

कुठलाही पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. अकोला किंवा चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हिवाळ्याइतकं कमी तापमान मिळणार नाही. पण टेबलाच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढणं, मागे वीतभर जागा सोडणं आणि चालू असताना वर कापड न टाकणं, याला खर्च नाही. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, कारण खालच्या जाळ्या बंद होतात.

शेवटी तेच काम तेवढाच वेळ करून तापमान पुन्हा मोजावं. आकडा उतरला आणि हँग होणं थांबलं, तर नव्या मशीनचा खर्च वाचला. आकडा उतरूनही मशीन अडकत असेल, तर दोष दुसरीकडे आहे, आणि दुरुस्तीवाल्याला हे दोन्ही आकडे सांगितले की त्याचा शोध सोपा होतो.