लाल चिखल, येझदी आणि आबांची वही

मागच्या भागात म्हटलं होतं की पुढचा विषय गाडी धुण्याचा. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये गाडी कशाला धुताय? सांगतो. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करावी लागेल.

तीन वर्षांपूर्वी वर्क फ्रॉम होम मिळालं, मी पुण्याहून घरी रत्नागिरीला आलो आणि एक ऑफरोड बाइक घेतली. शनिवार-रविवार सड्यावर, चिरेखाणीच्या रस्त्यांवर, कधी आरे-वारेच्या बाजूला. परत येताना गाडी लाल चिखलाने माखलेली. मग थेट वॉशिंग सेंटर, प्रेशरने पाणी, दहा मिनिटांत गाडी शोरूमसारखी. फोटो काढायचा, स्टेटस टाकायचा. तीन पावसाळे हे चाललं. गेल्या सप्टेंबरात पावसजवळच्या उतारावर मागचं चाक डगडगायला लागलं. कशीबशी मारुती मंदिरापर्यंत आणली. मेकॅनिकने चाक काढलं तर बेअरिंगमधून चहाच्या रंगाचं पाणी आलं. स्विंगआर्मचा बोल्ट इतका गंजला होता की ग्राइंडरने कापावा लागला. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गाडी बाहेरून धुतलीत आणि आतून बुडवलीत."

घरी आल्यावर आबा, म्हणजे माझे आजोबा, काही बोलले नाहीत. उठून कपाटातून एक वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यांच्या येझदीची वही. 1979 पासूनची. आणि तिथून मी या इतिहासात घुसलो.

आधी थोडं मागे जाऊ. मातीत मोटरसायकल पळवायची हौस शंभर वर्षांहून जुनी आहे. 1913 मध्ये इंग्लंडमधल्या कार्लाइलला 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' नावाची स्पर्धा सुरू झाली. सहा दिवस, खराब रस्ते, ठरलेल्या वेळेत पोचायचं. 1924 मध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीला पहिली 'स्क्रॅम्बल' झाली, तिच्यातून पुढे मोटोक्रॉस आलं. मला मात्र सिक्स डेजच जास्त आवडते, तिच्या एका नियमामुळे. गाडीची दुरुस्ती स्पर्धकानेच करायची. बाहेरच्या मेकॅनिकचा हात लागला की स्पर्धक बाद. मुख्य भागांवर खुणा केलेल्या, म्हणजे गुपचूप बदलता येणार नाहीत. रात्री गाड्या कुलूपबंद आवारात. सकाळी मोजकी मिनिटं मिळणार, त्यात चेन बघा, टायर बदला, फिल्टर साफ करा. 1964 मध्ये पूर्व जर्मनीत झालेल्या स्पर्धेत हॉलिवूडचा स्टीव्ह मॅक्वीन उतरला होता, त्यालाही हाच नियम.

या स्पर्धेवर एका छोट्या देशाने अनेक वर्षं हुकूमत गाजवली, चेकोस्लोव्हाकिया. 1947 ला त्यांनी आपल्याच झ्लिन गावात ती भरवली आणि जिंकली. 1970 ते 1974 तर सलग पाच वेळा जिंकली. त्यांची गाडी होती जावा. 1929 मध्ये फ्रान्तिशेक यानेचेकने सुरू केलेली कंपनी; यानेचेकचा 'जा' आणि वान्डरर कंपनीचा 'वा'. स्पर्धेच्या गाड्या खास बनवलेल्या असायच्या हे खरं, पण ज्या देशात मालक स्वतः गाडी उघडतो असं धरून चालतात, तिथलीच बाजारातली जावा होती.

आणि हीच जावा आपल्याकडे आली. मुंबईच्या इराणी कुटुंबाने आयडियल जावा कंपनी काढली आणि 1961 मध्ये म्हैसूरच्या कारखान्यातून जावा 250 बाहेर पडायला लागली. 1973 पासून गाडीचं नाव झालं येझदी. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोक इंजिन. तिच्याच काळातली राजदूत 175 ही पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवलेली. म्हणजे सत्तरच्या दशकात कोकणातल्या डॉक्टरांच्या, ग्रामसेवकांच्या, शिक्षकांच्या बुडाखाली ज्या गाड्या होत्या, त्यांचं आजोळ पूर्व युरोपात.

डर्ट बाइक हा शब्द तेव्हा इथे कोणी ऐकलाही नसेल. गरजच नव्हती. अख्खा रस्ताच डर्ट होता. गावागावांत डांबर न्यायची प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली 2000 च्या डिसेंबरमध्ये. त्याआधी आबा प्राथमिक शिक्षक म्हणून ज्या शाळांवर गेले, तिथे जायचं म्हणजे पावसाळ्यात पऱ्ह्या ओलांडायच्या, चढावर चिखल, उतारावर निसरडा कातळ. पऱ्ह्यातून बाहेर पडलं की थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवायचं, कारण ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेलं की तो पकडतच नाही. घासून गरम झाला की पाणी उडतं. हे मला यूट्यूबवर नाही, आबांकडून कळलं.

आणि आपली माती साधी नाही. हा जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने केरळात हा दगड पाहून 1807 मध्ये त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं, लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. ओला असताना कापता येतो आणि हवेवर कडक होतो म्हणून. लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं भरलेली. आपले चिरे त्याचेच. आता हाच जांभा बारीक चिखल होऊन एअर-कूल्ड इंजिनच्या पट्ट्यांमध्ये बसला की वाळून विटेसारखाच होतो, वारा लागत नाही, इंजिन तापतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि समुद्राची खारी हवा, हे वर. गंजासाठी याहून चांगली प्रयोगशाळा बांधता येणार नाही.

मग आबा काय करायचे? वहीत आहे. तारीख, किलोमीटर आणि दोन-तीन शब्द. 'पॉइंट पॉलिश पेपर.' 'चेन रॉकेल.' 'सायलेन्सर कार्बन.' टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साठते, गाडी चढ घेईनाशी होते. मग आतली नळी काढून जाळायची नाहीतर कॉस्टिक सोड्यात घालायची. चेनवर पत्र्याचं बंद कव्हर होतं, चिखल आत जायचा नाही. तरी आबा ठरावीक दिवसांनी ते उघडून चेन रॉकेलमध्ये धुवायचे, पुसायचे, ऑइल लावायचे. बाहेरचा चिखल? तो तांब्याने पाणी घालून भिजवायचा आणि नारळाच्या काथ्याने काढायचा. वहीत 'गाडी धुतली' अशी नोंद एकही नाही. मी मुद्दाम शोधलं. मी डेव्हलपर माणूस, लॉग वाचणं माझा धंदा. पण इतका शिस्तीचा लॉग मी ऑफिसात पाहिलेला नाही.

हे कुठे तुटलं? माझ्या मते 1985 ला. हिरो होंडा सीडी 100 आली, फोर-स्ट्रोक, आणि जाहिरात सांगायची की पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. लोकांना ते हवंच होतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर गाडी खरंच तशी होती. मी तिला दोष देत नाही. रोज शाळेत जायला ज्याला गाडी हवी त्याने रविवार रॉकेलमध्ये का घालवायचा? 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. उघडायच्या गाड्या गेल्या, त्याबरोबर उघडायची सवयही गेली.

मग 2011 ला हिरोची इम्पल्स, 2016 ला रॉयल एनफिल्डची हिमालयन, 2019 ला एक्सपल्स आली. 2015 ला सी. एस. संतोष डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. 2024 च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. चिखलात घालायच्या गाड्या परत आल्या, आणि घेणारे आम्ही, विसरून जायच्या जमान्यात वाढलेले.

त्यात हाताशी प्रेशर वॉशर. जर्मनीत आल्फ्रेड कार्चरने 1950 मध्ये गरम पाण्याचा हाय-प्रेशर वॉशर बनवला, तो कारखान्यांसाठी होता. 1984 मध्ये घरगुती आला. आज प्रत्येक नाक्यावर आहे, दाब शंभर बारच्या आसपास. बेअरिंगचं सील पाऊस आणि धूळ अडवायला बनवलेलं असतं, ही सुई अडवायला नाही. पाणी आत शिरतं, ग्रीस बाहेर ढकलतं आणि बाहेर पडायला वाट नसते. चेनचंही तेच. 1970 च्या दशकात ओ-रिंगच्या चेन आल्या. पिनभोवती कारखान्यात भरलेलं ग्रीस रबराच्या रिंगा धरून ठेवतात. ते एकदा गेलं की तुम्ही वरून कितीही ल्यूब मारा, आत पोचत नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. आधी इंजिन थंड होऊ देतो. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी. साधा पाइप, चिखल भिजू द्यायचा, मग मऊ ब्रश. चाकाचा मध्य, स्विंगआर्मचा सांधा, हँडलखालचं बेअरिंग इथे पाण्याची धार नाही, ओलं फडकं. समुद्राकडून आलो तर त्याच रात्री गोडं पाणी, उद्यावर टाकायचं नाही. पुसून झालं की पाच मिनिटं इंजिन चालू. चेनला रॉकेल आणि मऊ ब्रश, तारेचा कधीच नाही, पेट्रोलही नाही, रिंगा खराब होतात. एअर फिल्टर मी फोमचा लावलाय, तो धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग फिल्टरचं ऑइल. ओला लावलात तर धूळ सरळ इंजिनात. आणि वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि नंतर, मागचं चाक आणि स्विंगआर्मचा बोल्ट काढून ग्रीस. मोटोक्रॉसवाले किलोमीटर नाही, इंजिनचे तास मोजतात. मी तेवढा नाही गेलेलो.

जाता जाता एक. सड्यावर जाता तेव्हा कातळशिल्पं सांभाळा. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत. टायर दोन मिनिटांत पुसून टाकेल.

ग्राइंडरने कापलेला तो बोल्ट मी टेबलावर ठेवलाय. बिल आलं साडेआठ हजार. नवा बोल्ट बसवला त्या रात्री आबांनी वही परत मागितली, येझदीच्या शेवटच्या पानानंतर एक कोरं पान सोडलं आणि वर माझ्या गाडीचा नंबर लिहून पेन माझ्याकडे दिलं. पहिली नोंद मी केली: 'स्विंगआर्म ग्रीस, 14,210.' आबांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "तारीख कोण घालणार?"