बरणीतला सूर्य

पाण्याचे विद्युत अपघटन न पाहिलेला विद्यार्थी आपल्या शाळांतून सहसा सापडणार नाही. काचेचे भांडे, किंचित आम्ल घातलेले पाणी, दोन अग्रे आणि एक बॅटरी. ऋणाग्रापाशी हायड्रोजनचे बुडबुडे, धनाग्रापाशी ऑक्सिजनचे. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील यूटा विद्यापीठाने सॉल्ट लेक सिटी येथे पत्रकार परिषद बोलावून जगाला जे उपकरण दाखवले, ते याहून फार निराळे नव्हते. साध्या पाण्याऐवजी जड पाणी, आम्लाऐवजी लिथियमचे एक अल्कधर्मी संयुग, ऋणाग्र म्हणून पॅलेडियम धातूची कांडी आणि तिच्याभोवती धनाग्र म्हणून प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे. एवढ्या सामग्रीतून दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते आणि ती उष्णता हायड्रोजनच्या अणुकेंद्रांच्या संमीलनातून येते, असे मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केले. थोडक्यात, सूर्यात जे घडते ते बरणीत घडवल्याचा हा दावा होता.

हे दोघे कोणी हौशी शोधक नव्हते. फ्लाइशमन इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातले नावाजलेले विद्युतरसायनतज्ज्ञ आणि रॉयल सोसायटीचे सदस्य. पॉन्स यूटामधील रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख. स्वतःच्या खिशातले सुमारे एक लाख डॉलर त्यांनी या प्रयोगांवर खर्च केल्याचे सांगितले.

दावा एवढा धक्कादायक का होता, हे समजण्यासाठी थोडे मूळ विज्ञान पाहू. ड्यूटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. त्याच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. अशी दोन केंद्रे एकत्र आली तर ऊर्जा मिळते, पण दोन्ही धनभारित असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश आणि दाब प्रचंड, म्हणून तिथे संमीलन शक्य होते. पृथ्वीवर हेच साधण्यासाठी टोकामॅकसारखी अवाढव्य यंत्रे उभारली गेली आणि दशकानुदशके त्यांवर खर्च होत राहिला. खोलीच्या तापमानाला ड्यूटेरियमच्या रेणूत दोन केंद्रे आपसूक एकत्र येण्याची शक्यता किती? १९८९ मध्येच हे गणित नव्याने करण्यात आले. सूर्याएवढ्या वस्तुमानाचे ड्यूटेरियम घेतले, तरी वर्षाकाठी दोन-चार केंद्रजोड्या जुळतील, असे उत्तर आले.

मग पॅलेडियमच का? या धातूला हायड्रोजनची विलक्षण ओढ आहे. १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहॅम यांनी दाखवले, की पॅलेडियम स्वतःच्या घनफळाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात साठवू शकते. इतका वायू धातूत कोंबला, तर केंद्रे चिकटतील एवढी जवळ येत असतील, ही कल्पना सुचण्याजोगीच होती आणि ती सुचलीही फार पूर्वी. १९२६ मध्ये बर्लिन येथे पानेट आणि पीटर्स यांनी हायड्रोजन शोषलेल्या पॅलेडियमवर हेलियम तयार झाल्याचे प्रसिद्ध केले. त्या काळी हवाई जहाजांसाठी हेलियमला मागणी होती. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः हा निष्कर्ष मागे घेतला. हेलियमचा तो सूक्ष्म अंश उपकरणाच्या काचेतून आणि ॲस्बेस्टॉसमधून आला होता! हवेत हेलियम असतो आणि काच तो शोषून ठेवते. हायड्रोजनच्या सान्निध्यात तापवल्यावर तो सुटत होता. त्याच सुमारास स्वीडनमध्ये टांडबर्ग यांनी पॅलेडियमच्या ऋणाग्रावर विद्युत अपघटनाने हेलियम आणि ऊर्जा मिळवण्याच्या पद्धतीसाठी पेटंट मागितले होते. ते त्यांना मिळाले नाही. पानेट आणि पीटर्स यांची ही कहाणी आम्हाला मूळ दाव्याइतकीच मोलाची वाटते. वर्गात ती जरूर सांगावी.

एक गोष्ट मात्र १९८९ च्या उत्साहात मागे पडली. ड्यूटेरियमच्या रेणूत दोन केंद्रांमधले अंतर सुमारे ०.७४ अँगस्ट्रॉम असते. पॅलेडियमच्या स्फटिकात ड्यूटेरियमचे अणू ज्या जागांवर बसतात, त्या जागा एकमेकींपासून सुमारे २.८ अँगस्ट्रॉमवर आहेत. म्हणजे गर्दी वाढली तरी शेजारी उलट लांब गेले.

आता पत्रकार परिषदेची घाई कशासाठी, तेही पाहू. यूटातच, प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात, स्टीव्हन जोन्स नावाचे भौतिकशास्त्रज्ञ जवळपास अशाच प्रयोगांत गुंतले होते. फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी १९८८ मध्ये सरकारकडे पाठवलेला अनुदानाचा अर्ज परीक्षणासाठी नेमका जोन्स यांच्याकडे आला आणि दोन्ही गटांना एकमेकांचा सुगावा लागला. अखेर असे ठरले, की २४ मार्चला दोघांनी आपापले निबंध एकाच वेळी ‘नेचर’कडे पाठवावेत. यूटा विद्यापीठाने आदल्या दिवशीच पत्रकारांना बोलावले. त्यामागे पेटंटची आणि अग्रक्रमाची चिंता होती. जोन्स यांचा दावा मुळात फार माफक होता. त्यांनी उष्णतेचे नावही काढले नव्हते. मोजके न्यूट्रॉन दिसल्याचे तेवढे म्हटले होते.

लोकांनी हे इतक्या सहज का स्वीकारले, असे आज वाटेल. पण तेव्हाची परिस्थिती आठवावी. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांचा चटका ताजा होता, १९८६ मध्ये चेर्नोबिल घडले होते आणि पत्रकार परिषदेच्या दुसऱ्याच दिवशी, २४ मार्चला, अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल समुद्रात पसरले. शिवाय १९८६-८७ मध्ये उच्च तापमानाच्या अतिवाहकांनी भल्याभल्यांचे अंदाज चुकवले होते. मात्र तो शोध काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी पडताळला आणि जो कोणी नीट कृती करी त्याला तो दिसे. सॉल्ट लेक सिटीच्या बरणीचे तसे झाले नाही.

एप्रिल महिना मोठ्या धामधुमीत गेला. पॅलेडियमचे भाव चढले. यूटाच्या विधिमंडळाने ५० लाख डॉलर मंजूर केले. १० एप्रिलला टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जादा उष्णता आणि जॉर्जिया टेकने न्यूट्रॉन मिळाल्याचे जाहीर केले. परंतु जॉर्जिया टेकने तीनच दिवसांत माघार घेतली, कारण त्यांचा न्यूट्रॉनमापक उष्णतेनेही आकडे दाखवत होता. १२ एप्रिलला डॅलस येथे सुमारे सात हजार रसायनशास्त्रज्ञांपुढे पॉन्स यांचे भाषण टाळ्यांच्या गजरात झाले. १ मे रोजी बाल्टिमोर येथे भौतिकशास्त्रज्ञ जमले, तेव्हा हवा पालटली होती. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे नेथन लुइस यांनी प्रयोग पुनःपुन्हा करूनही काही मिळाले नसल्याचे सांगितले, आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन कूनिन यांनी तर मूळ संशोधकांच्या क्षमतेवरच जाहीर शंका घेतली. हा सूर आम्हाला रुचत नाही, पण लुइस यांचे मुद्दे पक्के होते.

त्यांतला उष्णतेचा मुद्दा अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना कागदावर सोडवता येईल असा आहे. समजा, कुंडात ५ व्होल्ट विभवांतराने अर्धा अँपिअर प्रवाह चालू आहे. दिलेली शक्ती २.५ वॅट. ही सगळी उष्णतेत जात नाही. काही भाग पाण्याचे विघटन करण्यात खर्च होतो आणि ड्यूटेरियम व ऑक्सिजन वायूंबरोबर बाहेर जातो. जड पाण्यासाठी हा हिशेब १.५४ व्होल्टचा धरतात, म्हणजे ०.५ गुणिले १.५४, सुमारे ०.७७ वॅट. उरलेले १.७३ वॅट उष्णतेच्या रूपात दिसायला हवेत. आता कुंडातच थोडे वायू पुन्हा संयोग पावून पाणी झाले, तर त्यांची ऊर्जा आतच सुटेल. सगळेच वायू असे जुळले तर कॅलरीमापी २.५ वॅट दाखवील, आणि वायू निघून गेले असे गृहीत धरणाऱ्याला ०.७७ वॅट ‘जादा’ उष्णता सापडेल. दुसरी अडचण तापमानाची. द्रव नीट ढवळला नसेल, तर तापमापी कोठे ठेवला यावर उत्तर बदलते. शिवाय पहिल्या निबंधातले सर्वांत डोळे दिपवणारे आकडे प्रत्यक्ष मोजलेले नव्हतेच, फक्त ०.५ व्होल्टवर चालणारे कल्पित कुंड धरून ते काढले होते. आणि साध्या पाण्याने केलेला तुलनेचा प्रयोग त्या निबंधात नव्हता. आठवीतल्या मुलाने प्रयोगवहीत नियंत्रित प्रयोग लिहिला नाही तर आपण त्याचे गुण कापतो!

न्यूट्रॉनचा मुद्दा याहून कठोर आहे. दोन ड्यूटेरियम केंद्रांच्या संमीलनात जवळजवळ निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन मिळतात, निम्म्या वेळा हेलियम-३ आणि न्यूट्रॉन. एक वॅट शक्तीसाठी सेकंदाला सुमारे पावणेदोन लाख कोटी क्रिया लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन. एवढ्या माऱ्यात बरणीशेजारी उभा राहिलेला माणूस काही तासांत जीवघेणी मात्रा घेऊन बसेल. फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी स्वतः सांगितलेला आकडा होता सेकंदाला सुमारे ४० हजार. तोही ज्या गॅमा किरणांच्या आलेखावरून काढला होता, त्या आलेखातील शिखराचा आकार गॅमा किरणांना साजेसा नव्हता, हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शास्त्रज्ञांनी मे महिन्यात ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. फ्लाइशमन ज्या हारवेल प्रयोगशाळेचे सल्लागार होते, तिथेही कसून तपास होऊन हाती काही लागले नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या समितीने खास निधी देऊ नये, मात्र चांगले प्रस्ताव आले तर नेहमीच्या मार्गाने विचार करावा, असे मत दिले.

या गोष्टीचा एक अध्याय मुंबईत घडला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार हे मुळात न्यूट्रॉनवर काम केलेले शास्त्रज्ञ. जड पाणी, पॅलेडियम, न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मोजण्याचे कसब हे सारे एका आवारात असलेल्या जगातल्या थोड्या संस्थांपैकी ही एक. एप्रिल १९८९ मध्येच केंद्राच्या अनेक विभागांनी प्रयोग सुरू केले आणि डिसेंबरमध्ये अय्यंगार व एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला अहवाल निघाला. न्यूट्रॉनही मिळाले, ट्रिटियमही मिळाले, असे त्यात म्हटले होते. पण दोहोंचे प्रमाण चक्रावणारे होते. समसमान असायला हवे तिथे एका न्यूट्रॉनमागे सुमारे एक कोटी ट्रिटियम अणू!

याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक म्हणजे धातूच्या आत संमीलनाची काही वेगळीच वाट आहे. अहवालकर्त्यांचा कल तिकडे होता. दुसरा अर्थ असा, की ट्रिटियम बाहेरून आले. विद्युत अपघटनात हलके समस्थानिक आधी वायू होऊन निघतात आणि जड ते मागे राहतात. त्यामुळे जड पाण्यात मुळातच ट्रिटियमचा अंश असला, तर तो वाढत जातो. अणुभट्ट्यांच्या परिसरातल्या पाण्यात असा अंश असणे स्वाभाविक आहे. तुर्भेच्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक होते आणि त्यांनी त्याचा हिशेब केला होता. तरीही ठरावीक कृती केली की ठरावीक ट्रिटियम मिळते, असे इतर प्रयोगशाळांना हमखास दिसले नाही. आमचा कल म्हणूनच दुसऱ्या अर्थाकडे आहे. १९९० मध्ये अय्यंगार अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पुढे काही वर्षांत तुर्भेचे हे काम थांबले. अय्यंगार यांचा विश्वास मात्र ढळला नाही. या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद फेब्रुवारी २०११ मध्ये चेन्नईला भरली. त्याच वर्षी डिसेंबरात ते वारले.

यूटातली खास संस्था १९९१ मध्ये बंद झाली. फ्लाइशमन आणि पॉन्स फ्रान्समध्ये टोयोटाशी संबंधित पैशावर चाललेल्या प्रयोगशाळेत गेले. तीही १९९८ मध्ये बंद पडली. जपान सरकारने ‘नवी हायड्रोजन ऊर्जा’ या नावाने काढलेला कार्यक्रम १९९७ पर्यंत चालला आणि जादा उष्णतेची खात्री न पटताच संपला. जानेवारी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत असे कुंड फुटून एक संशोधक मृत्युमुखी पडला. त्या स्फोटात अणुकेंद्रांचा काही संबंध नव्हता. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन एकत्र साठले की काय होते, ते रसायनशास्त्राच्या शिक्षकांना सांगायला नको.

२०१५ नंतर गूगल कंपनीच्या पैशावर सुमारे तीस संशोधकांनी हा विषय पुन्हा पहिल्यापासून तपासला. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिले, की शीत संमीलनाचा कसलाही पुरावा मिळाला नाही, पॅलेडियममध्ये हायड्रोजन कसा आणि किती भरता येतो, याचे ज्ञान मात्र बरेच वाढले. त्यांच्यापैकी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०२५ मध्ये याच ज्ञानाचा उपयोग करून एक प्रयोग प्रसिद्ध केला. पॅलेडियमच्या पत्र्यावर एका बाजूने वेगवान ड्यूटेरियम आयनांचा मारा करायचा आणि दुसऱ्या बाजूने विद्युत अपघटनाने त्यात आणखी ड्यूटेरियम भरायचे. माऱ्यामुळे एरवीही होणारे संमीलन त्यामुळे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. मिळालेली ऊर्जा घातलेल्या ऊर्जेपुढे नगण्य आहे. पुरावा म्हणून त्यांनी न्यूट्रॉन मोजले. जादा उष्णतेचा दावा त्यांनी केलेला नाही.