तेलाचा ब्रेक आला, मग तार का राहिली?

१९१७च्या फोर्ड मॉडेल टीटी ट्रकमध्ये हँडब्रेकचा जोर लोखंडी सळयांमधून मागच्या ड्रमपर्यंत जायचा. १९३९मध्ये फोर्डने तेलाच्या दाबावरचे ब्रेक आणले. मग हँडब्रेकही तेलावर का नाही गेला? कारण सोपं आहे. तेल गळलं की दाब संपतो. ताणून अडकवलेली तार मात्र भरलेला ट्रक उतारावर रात्रभर धरून ठेवते. म्हणून जुन्या ट्रकचा मागचा ड्रम उघडलात, तर त्याच ब्रेकशूंना ढकलणारे दोघे दिसतात: तेलाचा सिलिंडर आणि केबलने ओढला जाणारा लिव्हर. केबल बसवताना आधी शू ड्रमच्या जवळ सेट करा, मगच केबल ताणा. उलटं केलंत तर शू घासत राहतात, ड्रम तापतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासात नवं आलं म्हणून जुनं जातंच असं नाही. कधीकधी ते नव्याला जामीन राहतं.