पंढरीचें वैभव

देवळाचें वैभव म्हटलें कीं सोन्याचे कळस आणि उंच गोपुरें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्या मापानें पाहूं गेल्यास भीमातीरींचें विठ्ठलमंदिर साधेंच वाटेल. वेरूळच्या कैलास लेण्याची किंवा तंजावरच्या बृहदीश्वराची भव्यता येथें नाहीं. पंढरीची थोरवी कशांत आहे, हें येथील शिलालेख वाचले म्हणजे ध्यानांत येतें.

इ. स. ११८९ च्या, म्हणजे शके ११११ च्या लेखांत येथील देवळाचा उल्लेख आहे. पुढें इ. स. १२३७ मध्यें होयसळ राजा सोमेश्वर यानें देवाच्या अंगभोगासाठीं व रंगभोगासाठीं एक गांव दिलें. मराठी आणि कानडी या दोन्ही मुलुखांनीं या देवाला आपला मानलें, याची ही साक्ष होय.

परंतु सर्वांत बोलका आहे तो चौऱ्यांशीचा लेख. शके ११९५ ते ११९९ या काळांत देवळाला कोणी काय दिलें, याची ही यादवकालीन नोंद आहे. तींत देवगिरीचा रामचंद्रदेव आणि त्याचा मंत्री हेमाद्रि यांच्याबरोबर इतर अनेक भक्तांचींही नांवें आहेत. या शिळेला पाठ घासली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची श्रद्धा. देणगीदारांची यादी अशी पूज्य ठरल्याचें उदाहरण विरळाच!

मात्र ज्यांना देवळांत पाऊल ठेवण्याचीच बंदी होती, त्यांची नोंद कोठें शोधावी? ती महाद्वाराबाहेर आहे. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालू असतां भिंत कोसळून चोखोबा गेले, तें साल शके १२६०. नामदेवांनीं त्यांच्या अस्थि आणून महाद्वारासमोर समाधि बांधली, असें परंपरा सांगते. नामदेवांची पायरीही तेथेंच आहे. मोठा भक्त, पण जागा मात्र उंबऱ्याबाहेर!

हा उंबरा ओलांडावयास सहा शतकें लागलीं. इ. स. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरास प्राणांतिक उपोषण आरंभिलें, आणि त्यानंतर मंदिराचें दार हरिजनांस खुलें झालें. गुरुजी एके काळीं अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते. आम्हां शाळामास्तरांना त्याचा अभिमान वाटतो. पुढें १९७३ च्या कायद्यानें बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क संपविले, आणि २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तो निर्णय उचलून धरला.

पंढरीस कोणाही भाविकाला विठ्ठलाच्या पायांवर मस्तक ठेवतां येतें. चोखोबांना जें मिळालें नाहीं, तें आज सर्वांस मिळतें, हेंच या देवळाचें खरें ऐश्वर्य. म्हणून पंढरीस जाल तेव्हां आंत शिरण्यापूर्वीं चोखोबांच्या समाधीपाशीं क्षणभर थांबा, आणि मग पुढें व्हा.